चार बोटांची दुमड

मृत्यूनंतरच्या नवव्या दिवसाच्या जपासाठी पांढरी फुलं आणायला चायो मंडईत गेली, तेव्हा फुलवाल्याने दोन जुड्या जास्तच दिल्या. ओतिलिया मोन्ताल्वोच्या गाण्यांवर त्याची आई रडायची म्हणे. चायोने मान हलवली आणि पिशवी घट्ट धरली. गेले आठ दिवस ते नाव कुणी घेतलं की ती तिथून काढता पाय घेत होती.

मेक्सिको शहरात त्या नावाला मरण नव्हतं. कृष्णधवल जमान्यातली पडद्यावरची राणी, आणि गाणारीही स्वतःच. चायो तीस वर्षं तिची पोशाखवाली. हूक लावायचे, टाके घालायचे आणि बाईंची बोलणी खायची. हातात सुई आहे की कुदळ, असं बाई विचारायच्या आणि वर आपल्या ताटातला गोड घास तिलाच द्यायच्या.

मरायच्या आदल्या दुपारी बाईंनी तिला जवळ ओढून खरं काय ते सांगितलं. खरी ओतिलिया ही त्यांची थोरली बहीण. गाणारी ती, पहिल्या सिनेमाचा करारही तिचाच. चित्रीकरणाला आठवडा उरला आणि ग्वादालाहारा शहरातल्या भाड्याच्या खोलीत ती विषमज्वराने गेली. धाकटीने, रेफुहियोने, तिचा बाप्तिस्म्याचा दाखला उचलला, तिला स्वतःच्या नावाने पुरलं आणि स्टुडिओ गाठला. तिथला पांढरा झगा थोरलीच्या मापाने शिवलेला, चार बोटं लांब. रेफुहियोने खालची कड आत दुमडून आपल्या हाताने टाके घातले, आणि पन्नास वर्षं ते कुणाला उसवू दिले नाहीत.

"माझ्या नावाचा जप तेव्हाच होऊन गेलाय, चायो... मी जिवंत असताना. आता तिच्या नावाने केलात तर मी कुठे जाऊ? क्रूस उचलताना माझं नाव घे. तेवढं कर."

चायोने हो म्हटलं. हो म्हणायला काय लागतं? बाईंच्या दिवाणखान्यात शवपेटी होती तिथे फरशीवर चुन्याचा क्रूस काढला गेला; नऊ दिवस जप करायचा आणि नवव्या दिवशी तो चुना मेलेल्याच्या नावाने उचलून पुरायचा, म्हणजे आत्मा सुटतो. जप सांगायला पोलाबाई आल्या, वर्तमानपत्रवाले आले, आणि रोज संध्याकाळी साठ माणसं एका सुरात ओतिलियाच्या आत्म्याला शांती मागू लागली. चायो तोंड दाबून बसली. बाई चोर ठरल्या तर? ज्यांनी डोक्यावर घेतलं तेच पायदळी तुडवतील. आज सांगू, उद्या सांगू करता करता आठ दिवस गेले.

तिसऱ्या दिवसापासून बाईंच्या शृंगाराच्या खोलीतून गुणगुणणं येऊ लागलं. चायोला वाटलं, शेजारचा रेडिओ असेल. पाचव्या दिवशी तिने दाराला कान लावला. गाणं बाईंचंच होतं, पण गळा बाईंचा नव्हता... कोवळा होता आणि, खोटं कशाला बोला, बाईंपेक्षा सुरेल होता. दाराखालून तापाने घामेजलेल्या अंथरुणाचा वास येत होता. चायोची झोप उडाली, अन्न जाईना, एका जागी पाच मिनिटं बसवेना.

नवव्या दिवशी सकाळीच पोलाबाईंनी क्रूस उचलायला घेतला. आधी डोकं, मग दोन्ही हात. कुंच्याने चुना ताटलीत ओढायचा आणि दर वेळी ओतिलियाचं नाव घ्यायचं. पायाकडचा भाग मात्र निघेना. कुंचा फिरत राहिला, चुना फरशीला धरून राहिला. जप थांबला.

पोलाबाई मान वर न करता हळूच म्हणाल्या, "कुणीतरी पोटात काहीतरी ठेवलंय. शंभर मढी पोचवलीत मी, मला शिकवू नका. बोला."

चायो उठली. "रेफुहियो," ती म्हणाली, आणि मग रडत रडत सगळंच सांगून टाकलं.

कुणी शिव्या घातल्या नाहीत. मागून एक म्हातारी म्हणाली, "आमच्यासाठी गायली ती हीच ना?" आणि साठ तोंडांनी रेफुहियोचं नाव घेतलं. चुना पिठासारखा सुटून आला. चायोच्या छातीवरचा दगड उतरला.

दफनभूमीत चुना पुरून झाल्यावर पोलाबाईंनी तिला बाजूला घेतलं.

"ही सुटली, पोरी. पण आठ दिवस आपण जिला हाका मारल्या... ती?"

चायोने रिकामी ताटली उचलली आणि बाईंच्या घराची वाट धरली.

घरी आली तेव्हा अजून लख्ख ऊन होतं. तिने दालचिनी घालून कॉफी उकळली, कितीतरी दिवसांनी पोटभर प्यायली आणि शृंगाराची खोली बंद करायला वर गेली. गुणगुणणं थांबलेलं होतं.

पांढरा झगा कपाटाबाहेर, पडद्याच्या दांडीला टांगलेला होता. खालची कड उसवून चार बोटं मोकळी झालेली, झगा पुन्हा थोरलीच्या मापाचा. जुना दोरा रिळाला नीट गुंडाळून आरशापुढे ठेवलेला. झग्याची पाठ चायोकडे होती, आणि पाठीचे सगळे हूक उघडे होते. ते एकटीला लावता येत नाहीत.

हूक लावताना बाई नेहमी श्वास आत ओढून धरायच्या. खोलीत कुणीतरी तसाच श्वास आत ओढला, आणि धरून ठेवला.