हुंकार वगळून

शोधा: कापूस
निकाल: पुष्कळ.

हा पहिला शोध चालला तेव्हा दीपाताईंनी ऑफिसात सगळ्यांना चहा पाजला. घाटंजीच्या बसस्टँडमागे दोन खोल्यांत त्यांची संस्था आहे. आजूबाजूच्या गावांतल्या बाया तिथे येऊन वेचणी, बियाणं, रानभाज्या, दुखणीखुपणी यांबद्दल सांगतात, कुणीतरी ते जसंच्या तसं टाइप करतं आणि तो लेख म्हणून संस्थेच्या वेबसाइटवर चढतो. वर्षानुवर्षं लेख साचले आणि सापडेनासे झाले. म्हणून मला दारव्ह्याहून बोलावलं. सगळे लेख एका ठिकाणी आणायचे, शब्द टाकला की लेख हाती यावा असं करायचं, आणि वाचता न येणाऱ्यांसाठी प्रत्येक लेखावर 'ऐका'चं बटण द्यायचं.

काम सोपं होतं. अडचण एकच होती.

तिथे बाई एकटी सांगत नाही. दुसरी सोबत बसते. अधूनमधून हूं देणं आणि शेवटी 'बस झालं' म्हणणं हे त्या दुसरीचं काम. टाइप करणाऱ्यांनी तेही उतरवलं होतं:

मथुराबाई: मंग आमी नाल्याकडं निघालो.
सुखीबाई: हूं.

त्यामुळे 'सुखीबाई' शोधलं, की तिने नुसतं हूं दिलेले लेख आधी येत आणि तिने स्वतः सांगितलेला लेख कुठेतरी तळाला सापडे. मी सगळे हूं काढून टाकले. सगळी 'बस झालं' काढली. सोबत बसणाऱ्यांची नावंही काढली. एका सूचनेत झालं.

दीपाताई म्हणाल्या, "काहून गं, तुझ्या मशीनले आमच्या बाया झेपत नाहीत काय?" त्या हसल्या, मग थोड्या गंभीर झाल्या. बायांना विचारायला हवं होतं का, असं काहीसं पुटपुटल्या. तेवढ्यात त्यांना फोन आला.

शोधा: मथुराबाई
निकाल: वेचणीचे दिवस.

'ऐका'चं बटण सगळ्यात आधी भीमराजकाकांनी वापरलं. मथुराबाई त्यांची बायको. मागच्या पावसाळ्यात तापाने गेली. काकांचं आयुष्य कापसाच्या जिनिंग मिलमध्ये गेलं, अक्षरओळख झाली नाही. बाजाराच्या दिवशी पिशवी भिंतीला टेकवून ते कॉम्प्युटरसमोर बसायचे. 'वेचणीचे दिवस' एवढा एकच लेख मथुराबाईच्या नावावर होता. वाचणारा आवाज यंत्राचा, शहरी बाईचा होता. त्यांना चालत होता. शब्द तर तिचेच हायेत, म्हणायचे.

पहिल्यांदा ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, सुखी कुठी गेली. मी समजावून सांगितलं. शोध, निकाल, गर्दी. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

"पोरी, ते परत टाक," ते म्हणाले. "मथुरा तिथं एकटीच हाय."

मी म्हटलं, काका, तसं केलं तर शोध बिघडतो.

"मंग मीच बसतो."

शोधा: हूं
निकाल: वेचणीचे दिवस.

निकाल यायला नको होता. त्या लेखात तो शब्द नव्हता. शब्दसूची जुनी राहिली असेल म्हणून मी ती पुसून नव्याने बांधली. निकाल तोच.

मग लक्षात आलं, की तो लेख वाचताना आवाज मध्ये थांबतो. हूं जिथे होते तिथेच. रिकाम्या ओळी उरल्या असतील म्हणून त्या शोधल्या. काही होत्या, त्या काढल्या. तरी थांबे राहिले. इथे ते असे दाखवते:

मंग आमी नाल्याकडं निघालो.
( )
ऊन असं का डोळे उघडवत नव्हते.
( )

त्या थांब्यांत काका हूं देत. घाईने नाही, उशिरानेही नाही. शेजारच्या खोलीत बसून मी इतर लेखांना विषय लावत असे आणि भिंतीपलीकडून ते ऐकू येई. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. आपण केलेल्या वस्तूचा कुणाला उपयोग होतो आहे, असं वाटायचं.

एका बाजाराला लेख संपेनाच. मी विषय लावत राहिले, चहा आला, कप रिकामा झाला, आवाज चालूच होता. थांबा, हूं, पुढे. लेख तसा लहान. 'मंग नाल्यापाशी बसलो' हे त्याचं शेवटचं वाक्य. ते कधीच होऊन गेलं होतं. नंतरचा फक्त एक शब्द माझ्या कानात राहिला.

शोधा: पलीकडे
निकाल: वेचणीचे दिवस. "…नाल्याच्या पलीकडे निघालो त चारीकडं कापूसच. बाया वेचून राह्यल्या, पण ओटी भरत नाई…"

निकालात लेखाचं नाव येतं आणि खाली शब्दाच्या आजूबाजूची ओळ दिसते. ती मीच तशी बसवली होती. लेख उघडला. शेवटचं वाक्य: मंग नाल्यापाशी बसलो. त्याखाली काही नव्हतं. दीपाताईंच्या फोनवर पाहिलं, तेच. मी स्वतः 'ऐका' दाबलं, तर आवाज नाल्यापाशी थांबला. काका समोर असले तरच तो पुढे जाई.

पुढच्या बाजारानंतर निकालातली ओळ बदललेली होती. "…तिकडं सावली पडत नाई. मागं पाह्यलं त नाला दिसत नाई…"

काका बाजार न करताच यायला लागले. रिकामी पिशवी तशीच घडी घातलेली. दीपाताईंनी जेवलात का विचारलं, तर हूं म्हणाले. पाणी देऊ का, हूं. पेला तसाच राहिला. दीपाताईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, की त्यांना हूं सोडून आणखी काही बोलताना तू ऐकलंस का एवढ्यात. मी आठवून पाहिलं.

मग मी सगळं परत टाकलं. प्रत्येक हूं, प्रत्येक 'बस झालं', प्रत्येकीचं नाव. एका दुपारचं काम होतं. काकांनी सांगितलं त्या दिवशीही ते एका दुपारचंच होतं.

त्या बाजाराला मी त्यांच्या शेजारी बसले. यंत्राच्या आवाजाने मथुराबाईचं वाक्य वाचलं, त्याच आवाजाने सुखीबाईचं हूं वाचलं. काका गप्प होते. मला बरं वाटलं. नाल्यापाशी बसलो. बस झालं.

( )

काका म्हणाले, "हूं."

आणि आवाज पुढे निघाला.

मी वायर ओढली. पडदा काळा झाला. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा उरला. काका काळ्या पडद्याकडे पाहत होते. थोड्या वेळाने त्यांनी मान हलवली, पुन्हा हूं दिलं, आणि उठून चालायला लागले. पिशवी विसरले.

नंतर ते आले नाहीत.

दीपाताईंनी सुखीबाईला फोन लावला आणि फोन माझ्या हातात दिला. शेतातून बोलत होती, मागे वारा होता. मी जमेल तसं सांगितलं. ती हसली नाही.

"माहं हूं नाल्यापर्यंतच," ती म्हणाली. "पुढचं ज्यानं आयकलं, त्यानंच बस म्हणा लागते. सांगणारी आपल्या मनानं थांबत नाई, बाई."

मी ऑटोने त्यांच्या गावी गेले. सकाळची वेळ होती. विहाराला लागून घर, पुढे ओटा, ओट्यावर पोतं अंथरलेलं. काका त्याच्या एका कडेला बसले होते, अंगाने अर्धे झालेले. शेजारीण म्हणाली की दिवसभर असेच बसतात, तोंडात घास घातला तर खातात.

मी जय भीम घातला. त्यांनी हूं दिलं, पण माझ्या बोलण्याला नाही. आधीच्या कशालातरी.

मी पोत्यावर बसले. मुद्दाम त्यांच्या अगदी जवळ, कारण पोत्याची दुसरी कड मोकळी असूनही तिथे बसवेना.

म्हटलं, "काका, माझं चुकलं. तुम्ही सांगितलं तेव्हाच टाकायला हवं होतं. आता बस झालं म्हणा. दोनच शब्द आहेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. किती दिवसांनी बोलत होते कोण जाणे, आवाज फाटला.

"मले नाई म्हणता येत. म्हटलं त मथुरा तिथंच राहीन." मग जरा वेळाने, "तू पाह्य म्हणून."

मी कबूल झाले. मी त्यांना आधी एकदा नाही म्हटलं होतं.

वाट पाहिली. मला काही ऐकू येत नव्हतं. चिमण्या, दूरवर एक मोटार.

मग चिमण्या थांबल्या.

( )

दोन्ही शब्द ओठांवर होते. त्या मोकळ्या कडेवर पोतं किंचित दबलं, कुणी माझ्याकडे वळून बसावं तसं.

"हूं," मी म्हणाले.

काकांनी मोठा श्वास सोडला. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकवून ते उठले, कंबर सरळ केली, उन्हाकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"थांब, च्या ठेवतो," ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात. आत गेले. भांड्यांचा आवाज आला, पाणी ओतल्याचा आला. आतून ते शेजारणीला हाक मारून साखर मागत होते.

मी उठणारच होते.

पण मथुराबाईचं वाक्य अजून अर्धंच झालं होतं.