चकलीवर आलेला आळ

"टँऽऽ टँऽऽ टँऽऽ!"

"पुन्हा!" मुक्ता सोफ्यावरून ताडकन उठली. "चैतन्य, बूट घाल! पळ!"

"माझा टोस्ट..."

"राहू दे रे तो टोस्ट!"

आयर्लंडमधल्या सँट्रीतल्या त्या इमारतीतली झाडून सगळी माणसं जिना उतरून पार्किंगमध्ये जमली. कुणी पायजम्यात, कुणी डोक्याला टॉवेल गुंडाळून. वारा अंगाला झोंबत होता. शाळांना हॅलोविनची सुट्टी लागली होती, आणि यंदा दिवाळीही नेमकी त्याच आठवड्यात आली होती. म्हणून तर पोर्टलीशहून मुक्ताचा मावसभाऊ इंद्रनील राहायला आला होता. मुक्ता, तिचा धाकटा भाऊ चैतन्य आणि इंद्रनील अशा तिघांनी मिळून काहीतरी भन्नाट करायचं ठरलं होतं. आतापर्यंत त्यांनी फक्त जिने उतरले होते.

तिघं आपसात बोलायची ती सगळं इंग्रजीत, तेही पक्क्या आयरिश हेलात. पण ते इथे मराठीतच ऐकलेलं बरं.

"आला बघ युअर मॅन!" चैतन्य कुजबुजला. तिथे 'तो आपला अमका' म्हणायला 'युअर मॅन' म्हणतात. हा अमका म्हणजे इमारतीचा मॅनेजर फर्गल. तो तडक शेजारच्या सुहासिनीकाकूंकडे गेला.

"तुमचंच तळण, मिसेस! तिसऱ्या मजल्यावरचाच आगीचा अलार्म वाजतोय. आणखी एकदा वाजला, तर या इमारतीत तळणं बंद. मग तुमचा सण असो नाहीतर आणखी काही!"

नवऱ्याच्या नोकरीपायी काकू पुण्याहून इथे आल्या होत्या. इतकी वर्षं घरात बसून काढल्यावर यंदा त्यांनी रीतसर परवानगी काढून फराळाचा व्यवसाय सुरू केला होता. पार मेनूथपर्यंतच्या मराठी घरांनी त्यांच्याकडे चकल्या सांगून ठेवल्या होत्या. तळणच बंद झालं तर सगळ्यांना नाही म्हणायचं, आणि पुढच्या वर्षी कोण विचारणार होतं?

"पण आज मी अजून कढई ठेवलीच नव्हती गं," वर जाताना त्या मुक्ताला हळूच म्हणाल्या. "भाजणीच भिजवत होते."

मुक्ता जिन्यातच थांबली. "इंद्रनील, ऐकलंस? तळणच नाही, तर मग धूर कुठला?"

मोठ्या माणसांना असले प्रश्न पडत नाहीत. त्यांना लगेच उपाय सुचतात. संध्याकाळी मुक्ताचे बाबा, अभिजित, स्टुलावर चढले आणि पॅसेजच्या छतावरच्या अलार्मला त्यांनी हॉटेलातून आणलेली प्लॅस्टिकची अंघोळीची टोपी घातली.

"झालं! आता बस म्हणावं बोंबलत," ते हात झटकत म्हणाले. अभिजित एका मोठ्या कंपनीत सॉफ्टवेअर इंजिनिअर होते.

"बाबा! अरे, खरंच आग लागली तर? तो अलार्म आंधळा केलास तू!"

"दोन दिवसांचा तर प्रश्न आहे. काही होत नाही, इट्स ग्रँड!"

बाबांची पाठ वळताच मुक्ताने टोपी काढली आणि थेट कचऱ्यात टाकली. अलार्मच्या शेजारी मग एक आकाशकंदील लटकला. आई खूश झाली. "बघा, मुलांना किती हौस आहे!"

हौस वेगळीच होती. कंदिलात दिव्याऐवजी मुक्ताच्या कोडिंग क्लबमधला छोटा सर्किट बोर्ड बसला होता. त्याला दोन सेन्सर जोडलेले होते, एक धूर ओळखणारा आणि एक हवेतला दमटपणा मोजणारा. दोघांच्या रेघा मुक्ताच्या टॅब्लेटवर उमटत होत्या. बोर्डाने दोनदा मान टाकली. एकदा वायर उलटी लागली होती, आणि एकदा चैतन्यने बॅटरी काढून स्वतःच्या गाडीला लावली होती. त्यावरून भावंडांत जुंपलीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी भीतभीत थोड्या चकल्या तळल्या. धुराची रेघ जेमतेम हलली. अलार्म गप्प. काकूंनी विजेची शेगडी बंद केली, आणि थोड्या वेळाने दमटपणाची रेघ सरसर चढायला लागली!

"धूर नाही, वाफ आहे!" मुक्ता ओरडली. "अलार्मच्या आत एक प्रकाशाचा किरण असतो. धुराचे कण आले की तो विखुरतो. पण वाफेच्या थेंबांनीही विखुरतो! त्याला बिचाऱ्याला फरक कळत नाही."

"पॅसेजमध्ये वाफ येणार कुठून?" इंद्रनील म्हणाला. बोलता बोलता तो पॅसेजमधल्या कुलूपबंद कपाटाच्या जाळीतून आत डोकावला. "अरे! मला काही दिसेना!"

त्याच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्याफटक झाल्या होत्या.

रेघ हळूहळू उतरली. या वेळी अलार्म वाजला नाही, पण मुक्ताला हवं ते कळलं होतं. तिने फर्गलला फोन लावून ते कपाट उघडायला सांगितलं.

"त्या प्रेसमध्ये नुसते पाइप आहेत," तो वैतागला. तिथे कपाटाला प्रेसच म्हणतात. "लहान मुलांच्या खेळासाठी मी ते उघडणार नाही."

"मग मी अलार्म वाजवून दाखवते. तुमच्यासमोर. काकू काही न तळता!"

"वाजला तर तळण बंद. माझं बोलणं लक्षात आहे ना?"

मुक्ताने फोनवर हात ठेवला. फसलं तर नुकसान तिचं नव्हतं. "काकू, सगळं तुमचंच पणाला लागेल. तुम्ही नको म्हणालात तर नको."

काकूंनी कंदिलाकडे पाहिलं. "तुझी खात्री आहे?"

"हो. म्हणजे... पुष्कळशी."

"बोलाव त्याला," काकू म्हणाल्या.

फर्गल आला. काकू त्याच्या शेजारी पॅसेजमध्ये रिकाम्या हातांनी उभ्या राहिल्या. चैतन्य दारं वाजवत वरखाली धावला. "गरम पाण्याचे नळ सोडा! सगळे सोडा! सायन्स आहे, सायन्स!"

नळ सुटले. खाली पंप घरघरला. टॅब्लेटवर रेघ चढू लागली, चढली, आणखी चढली आणि थबकली. फर्गलने घड्याळात पाहिलं.

"चल ना गं," मुक्ता रेघेला म्हणाली.

"टँऽऽ टँऽऽ टँऽऽ!"

कुठल्या गाण्यालाही कधी मिळाली नसेल, तेवढी आनंदाची दाद त्या भोंग्याला मिळाली! इंद्रनील आणि चैतन्य नाचायलाच लागले. फर्गलने मुकाट्याने किल्ली काढली. प्रेसचं दार उघडताच वाफेचा लोट बाहेर आला. पाइपच्या जोडातून गरम पाण्याची बारीक चिळकांडी उडत होती. जोडाला फडकं बांधलेलं, आणि खाली काठोकाठ भरलेली निळी बादली.

"पंपाचा जोर वाढला की गळती वाढते," इंद्रनील म्हणाला. "सकाळी सगळे अंघोळ करतात आणि तेव्हाच काकू तळायला बसतात. म्हणून आळ चकलीवर!"

"बादली कुणाची?" चैतन्यने निरागसपणे विचारलं.

फर्गलचे कान लाल झाले. "माझीच. उन्हाळ्यात ठेवली होती. प्लंबरला बोलावणार होतो... राहूनच गेलं." मग तो काकूंकडे वळला. "मिसेस, माझं चुकलं."

दुपारी प्लंबरने जोड बदलला. अलार्म तपासायला ओर्ला नावाची इंजिनिअर आली, तिने कंदील उघडून बघितला आणि रेघा दोनदा न्याहाळल्या.

"मी रोज हेच काम करते," ती मुक्ताला म्हणाली. "काय बिघडलंय असं लोक सांगतात, त्यावर विसंबायचं नाही. मोजायचं. आमच्याकडे असली डोकी कमी पडतात, लक्षात ठेव."

"आणि अशा कामाचे पगारही देतात?" चैतन्यने विचारलं.

"बऱ्यापैकी देतात!"

अभिजित मागे उभे होते. "इतकी वर्षं इंजिनिअर म्हणवून घेतोय," ते म्हणाले, "आणि मी काय केलं, तर टोपी घातली! शाबास, मुक्ता. माझ्याहून तू बरी." बाबांनी असं चारचौघांत कबूल केलेलं मुक्ताने पहिल्यांदाच ऐकलं.

काकूंनी कढई ठेवली. पहिली चकली तेलात पडली आणि दारात जमलेली सगळी मोठी माणसं छताकडे बघू लागली. अलार्म शांत होता. कढई तडतडत राहिली.

"इथे आल्यापासून सगळ्यांना मी कुणाची तरी बायको म्हणूनच ठाऊक," काकू म्हणाल्या. "हे पहिलं माझं स्वतःचं काम. ते तुम्ही वाचवलंत रे पोरांनो."

मुक्ताला फार, फार बरं वाटत होतं. तिने झारा उचलला आणि चकल्या उलटायला ती पुढे झाली.