तिसरा सूर

जिन्याच्या वळणावर ती त्याच्यावर आदळली आणि त्याच्या हातातला मक्याचा पाव उडून थेट खालच्या पायरीवर गेला.

"पाव गेला..." तो म्हणाला. "तुम्हाला लागलं नाही ना?"

"दादाच्या जागी गाणारे तुम्हीच का?" वर्लीनने धापा टाकत विचारलं.

"हो. एमरी. पलीकडच्या खोऱ्यातला. खाणीत असतो."

ते कपाळावरच्या निळ्या वणावरून दिसतच होतं. कोळसा एकदा जखमेत शिरला की तिथेच राहतो.

केंटकीच्या त्या डोंगरगावात रेडिओ केंद्र म्हणजे पेंडीच्या दुकानावरची एक खोली आणि एकच मायक्रोफोन. दर शनिवारी दुपारी तिथून प्रेमाची युगुलगीतं लागत आणि ती गात सख्खी भावंडं, वर्लीन आणि आर्लिस. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. उलट, भावाबरोबर गाणाऱ्या मुलीला कोण नावं ठेवणार? परक्याबरोबर एकदा गायली तर अडचण म्हणून चालून जाई. पण लागोपाठ दुसऱ्या शनिवारी गायली, तर लोक सरळ लग्नाची तारीखच विचारत.

"एकदाच हं," घसा बसलेला आर्लिस गिटार जुळवता जुळवता घोगऱ्या आवाजात म्हणाला. "पुढच्या शनिवारी मी आहेच."

"कळलं रे, दादा."

गाणं सुरू झालं. वर्लीन नेहमीसारखी समोरच्या भिंतीकडे बघत गायली... आणि पहिल्याच ओळीत दोघांचे आवाज मागेपुढे झाले. मधल्या गिटारीच्या तुकड्यात एमरी तिच्या कानाशी वाकला.

"भिंतीशी काय बोलताय? इकडे बघा ना. तुम्ही श्वास कधी घेताय ते दिसल्याशिवाय कसं गाऊ?"

"दादाला न बघताच कळतं."

"मी दादा नाही."

तिने पाहिलं. त्याची छाती भरली, तशी तिचीही भरली. त्याचा आवाज मोठा होता. तो अर्धं पाऊल मागे सरकला, तिचा आवाज झाकू नये म्हणून. तिच्यासाठी मायक्रोफोनपासून आजवर कुणी मागे सरलं नव्हतं. ती पुढे झाली.

आणि मग, शेवटच्या लांब स्वरावर, ते झालं.

दोघांच्या आवाजाखाली आणखी एक आवाज उमटला. खोल, घुमणारा. तो तिचा नव्हता, त्याचाही नव्हता. वर्लीनला तो कानाआधी जबड्याच्या हाडात जाणवला. दोघांपैकी एकजण केसभर जरी हलला असता तरी तो विरला असता... म्हणून ती हललीच नाही. चर्चमधल्या म्हाताऱ्या म्हणत, गळे जुळले की कधीतरी देव तिसरा होऊन गातो. तिला ती थाप वाटायची. एमरीच्या डोळ्यांत तेच आश्चर्य होतं. आर्लिस तर वाजवता वाजवता छताकडे बघत होता.

स्वर थांबला. खोली रिकामी वाटली.

निवेदक हॉबर्टकाका खाकरले. "वा! तर मंडळी, पुढच्या शनिवारी आर्लिसचा घसा मोकळा होईल आणि ही भावंडं पुन्हा—"

एमरी हातातल्या टोपीची कड चुरगळत राहिला. त्याला बोलता येणार नव्हतं; त्याने विचारलं असतं तर बोल तिला लागला असता. बोलायचं तर तिनेच, आणि तेही आत्ता. सगळं खोरं ऐकत होतं.

"हॉबर्टकाका," वर्लीन मायक्रोफोनपाशी झुकली, "पुढच्या शनिवारी दादा नुसती गिटार वाजवेल."

रेडिओवर शांतता म्हणजे मोठा गुन्हा. पण काका ते विसरूनच गेले.

"अगं बये!" आर्लिसचा बसलेला घसा किंचाळला. "मग गाणार कोण?"

तिने एमरीकडे पाहिलं.

"मी," तो हळूच म्हणाला. मग कानापर्यंत लाल झाला. "पण... तुमच्या आईंना विचारायला हवं ना आधी?"

"ऐकतेय ती," वर्लीन म्हणाली.

खाली दुकानातला टेलिफोन खणखणू लागला.