तटस्थ माणसाची मूठ

ही घटना खरी आहे.

अशा गोष्टी लिहिणारा प्रत्येक जण हेच म्हणतो, याची मला जाणीव आहे. म्हणून मी विश्वास ठेवण्याचा आग्रह धरत नाही. जे घडले ते घडले त्याच क्रमाने सांगतो. निष्कर्ष तुमचा तुम्ही काढा. मला तो अजून काढता आलेला नाही.

गेल्या वर्षीच्या नोव्हेंबरातला दुसरा शनिवार. संध्याकाळचे पावणेआठ. एका हॉटेलाच्या पहिल्या मजल्यावरील जेवणाची खोली. चौदा टेबले, आणि खिडकीलगत एकाच खुर्चीचे पंधरावे.

त्या पंधराव्या टेबलाशी मी बसलो होतो.

माझा थोरला भाऊ, दादा, टेबलाटेबलांवर जाऊन जादूचे प्रयोग करीत असे. रंगमंच नाही, दिव्यांचा झगमगाट नाही. माणसे जेवत असतात, आणि हा त्यांच्या ताटापासून वीतभर अंतरावर उभा राहून त्यांचीच नोट मागून घेतो. नोटेचा एक कोपरा फाडतो. कोपरा फाडलेली नोट सर्वांसमक्ष जाळतो. मग एक लिंबू कापतो. लिंबाच्या पोटातून नोट निघते, एक कोपरा नसलेली. आणि बाजूला ठेवलेला तुकडा तिला तंतोतंत जुळतो.

यातली मेख आता सांगायला हरकत नाही. तो धंदा मी सोडला आहे.

लिंबातली नोट आदल्या प्रयोगातल्या माणसाची असे. तिचा कोपरा आधीच फाडलेला असे, आणि तो माझ्या मुठीत असे. जळे तो नुसता कागद. खरी नोट दादाच्या अस्तनीत जाई आणि पुढच्या प्रयोगात लिंबात शिरे. थोडक्यात, कोणालाही स्वतःची नोट कधीच परत मिळाली नाही. प्रत्येकाला आदल्याची मिळाली.

फाडलेला तुकडा ठेवायचा कोणाकडे? इथे माझे काम येई.

"तुमच्याकडे नको, माझ्याकडे तर नकोच नको," दादा म्हणे. "एखाद्या तटस्थ माणसाकडे देऊ. अहो साहेब, तुम्ही खिडकीपाशी बसलेले! जरा हात पुढे करता?"

मी घास अर्धवट ठेवून, काहीशा नाखुशीने, मूठ पुढे करी. तुकडा आत जाई. शेवटी दुसराच बाहेर येई.

अकरा वर्षे मी तो तटस्थ माणूस होतो. हॉटेलवाले मला औषधांचा फिरता विक्रेता समजत. दादाने दोन नियम घातले होते. हॉटेलाचा जिना चढल्यावर आपण एकमेकांना ओळखत नाही. आणि प्रयोग करणाऱ्याने तटस्थ माणसाच्या तोंडाकडे कधीही पाहायचे नाही. नजर लोकांना सगळे सांगून टाकते.

नियम दादाचेच होते, हे कृपया लक्षात ठेवा.

त्या शनिवारी एका मोठ्या कुटुंबाचे टेबल होते. त्यातल्या गृहस्थांनी पाकीट उघडले.

"मोठी देऊ की छोटी?"

"जी गेली तर घरी बोलणी बसणार नाहीत, ती द्या," दादा म्हणाला.

त्यांची बायको म्हणाली, "मग पाकीट बंदच करा तुम्ही."

टेबल हसले. दादाने नोट घेतली, कोपरा फाडला, माझ्या मुठीत दिला. त्याची बोटे गार होती... आणि ओली.

तो परत गेला. कागद जाळला. लिंबू हातात घेतले.

आणि मान वळवून त्याने सरळ माझ्या तोंडाकडे पाहिले.

"ठोंब्या..." तो म्हणाला.

हे माझे घरातले नाव. लहानपणी मी प्रत्येक गोष्टीला वेळ लावी, म्हणून त्यानेच ठेवलेले.

खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. मला वाटले, याची जीभ घसरली. अकरा वर्षांचे काम एका शब्दावर जाते आहे. सावरायला हवे.

मी भुवया उंचावल्या.

"मला म्हणताय का? आपली ओळख नाही बुवा!"

लोक खो खो हसले.

ते हसत असतानाच दादा कोसळला.

मी लगेच धावलो का? नाही. मी बसून राहिलो. किती वेळ, ते सांगता येत नाही. वेटर ओरडत होते, कोणी पाणी आणा म्हणत होते, मॅनेजरने विचारले, "यांचं इथे कोणी आहे का हो?" आणि मी मूठ मिटून खुर्चीवर बसलो होतो. माझ्या मुठीत दोन तुकडे होते. ती उघडली तर सगळे उघडे पडेल, एवढा एकच विचार माझ्या डोक्यात होता.

रुग्णवाहिका गेल्यावर मी जिना उतरलो, रिक्षा केली आणि दवाखान्यात भाऊ म्हणून पोहोचलो.

तोवर संपले होते.

वहिनींनी विचारले, "भाऊजी, तुम्ही होतात ना जवळ?"

मी म्हणालो, "नाही हो वहिनी. मला आज ताप होता. मी गेलोच नव्हतो."

"म्हणजे परक्या माणसांत गेले हे," वहिनी म्हणाल्या, आणि पदर तोंडाला लावला.

त्यानंतर अनेक रात्री मी स्वतःशी वाद घातला. नियम त्याने केला. तो मोडला त्याने. पाळला मी. मग विश्वासघात कोणी केला? वाद मी दर वेळी जिंकत असे. झोप मात्र लागत नसे.

जानेवारीत मी दुसऱ्या एका हॉटेलात काम धरले. आता प्रयोग करणारा मी, आणि तटस्थ माणूस कोणीच नाही. एकट्याने करायचे तर तुकड्यांची अदलाबदल बोटांतल्या बोटांत करावी लागते. महिनाभर सराव केला होता.

पहिलीच संध्याकाळ. एका बाईंनी नोट दिली. तिचा क्रमांक त्यांच्या मुलीने फोनवर टिपून घेतला. मी कोपरा फाडला. लिंबातल्या नोटेचा तुकडा माझ्या बोटांच्या मागे दडवलेला होता. आता अदलाबदल करणार, एवढ्यात...

"त्या साहेबांकडे द्या ना," बाई म्हणाल्या. "ते केव्हाचे हात पुढे करून बसलेत."

मी वळलो.

भिंतीलगत एकाच माणसापुरते टेबल होते. त्यावरच्या पांढऱ्या कापडावर एक मूठ पुढे आलेली होती.

मी तोंडाकडे पाहिले नाही. दादाचा दुसरा नियम. फक्त हात पाहिला.

अंगठ्याचे नख मधोमध उभे चिरलेले होते.

लहानपणी मी एकदा दार धाडकन लावले आणि दादाचा अंगठा त्यात सापडला. ते नख पुन्हा कधी एकसंध वाढले नाही.

मला ओरडता आले असते. 'दादा' असा एक शब्द पुरला असता. पण बाई पाहत होत्या, त्यांची मुलगी फोन रोखून उभी होती, आणि प्रयोग चालू होता.

"आभारी आहे, साहेब," मी म्हणालो, आणि तुकडा त्या मुठीत ठेवला.

मूठ गार होती... आणि ओली.

माझी खात्री होती की प्रयोग फसणार. मुठीत बाईंचा तुकडा, लिंबात दुसऱ्याच नोटेचा देह. जुळणार कसे? तरीही लिंबू कापले. नोट काढली. मान खाली घालूनच म्हटले, "साहेब, मूठ उघडता?"

मूठ उघडली.

तुकडा जुळला.

"आई, नंबरही तोच आहे!" मुलगी किंचाळली. टाळ्या पडल्या.

मी मागे वळलो तेव्हा ते टेबल रिकामे होते. खुर्ची नीट आत सरकवलेली.

मी स्वच्छतागृहात जाऊन दार लावून घेतले आणि अस्तनी तपासली. तिथे बाईंची नोट असायला हवी होती. तिथे होती ती नोट, जी दुपारी मी स्वतःच्या हाताने लिंबात घातली होती.

कोरडी. लिंबाचा वासही नाही.

कोणी म्हणेल, हातचलाखीत तुमचीच गफलत झाली असेल. मी हा आक्षेप स्वतःवर घेऊन पाहिला आहे. एकदा गफलत होऊ शकते. त्यानंतर दहा संध्याकाळी हेच घडले. दहाही वेळा मूठ आली, तुकडा जुळला, क्रमांक जुळला. जगातला कोणताही जादूगार जे करू शकत नाही, ते मी करीत होतो. ज्याची नोट, त्याला तीच परत.

आणि मी काय केले? घाबरलो? पहिले दोन दिवस.

मग मला वाटू लागले की दादाने मला क्षमा केली आहे. आम्ही पुन्हा बरोबर काम करतो आहोत, फक्त जागा बदलल्या आहेत. मी टाळ्या घेत होतो. मनातल्या मनात त्याला "वा, दादा" म्हणत होतो. मोठ्याने एकदाही म्हटले नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी धीर केला. बाराव्या संध्याकाळी वहिनींना बोलावले. ठरवले होते: मूठ पुढे आली की सर्वांसमक्ष 'दादा' म्हणायचे, तोंडाकडे पाहायचे आणि वहिनींना खरे सांगायचे.

वहिनी दाराजवळच्या टेबलाशी बसल्या. "मला काही मागू नका हं भाऊजी," त्या हसून म्हणाल्या, "माझ्या पर्समध्ये रिक्षापुरतेच आहेत." त्या घटनेनंतर मी त्यांना प्रथमच हसताना पाहिले.

एका जाडजूड व्यापाऱ्याने नोट दिली. मूठ पुढे आली. मी तुकडा ठेवला.

शब्द ओठांवर होता.

मनात आले, प्रयोग तर होऊ दे. लिंबू कापल्यावर सांगू.

मी लिंबू कापू लागलो. मागे खुर्ची सरकल्याचा आवाज आला... सावकाश पावले... मग पुन्हा एक खुर्ची सरकली.

नोट बाहेर काढली. "साहेब, मूठ उघडता?"

कापडावर मूठ नव्हती.

"अहो, ते तर उठून त्या बाईंकडे गेले," व्यापारी म्हणाला.

वहिनी एकट्याच बसल्या होत्या. समोरची खुर्ची ओढलेली होती. त्यांच्यापुढे कापडावर नोटेचा तुकडा पडला होता. त्यांनी तो उचलून आणला आणि माझ्या हातावर ठेवला.

तुकडा जुळला नाही.

व्यापाऱ्याने नोट उलटसुलट पाहिली. "ही माझी नाही. माझ्या नोटेवर शाईचा डाग होता. काय हो, फसवताय काय माणसाला जेवता जेवता?"

त्याची नोट माझ्या अस्तनीतच होती. ती काढून देताना सगळ्या खोलीने पाहिले. मॅनेजरनेही.

जिन्यात वहिनी एक पायरी पुढे होत्या. थांबल्या. वळल्या नाहीत.

"त्या दिवशी तुम्ही तिथेच होतात?"

मी अस्तनीचे बटण लावू लागलो.

"त्यांनी हाक मारली होती? ठोंब्या म्हणून?"

"वहिनी, ऐका तरी..."

"आणि तुम्ही म्हणालात, आपली ओळख नाही बुवा?"

शब्द तेच. 'बुवा'सुद्धा. ते वाक्य त्या संध्याकाळनंतर मी कोणापुढेही उच्चारले नव्हते. माझ्या बायकोपुढेही नाही.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"त्या गृहस्थांनी. ज्यांच्या मुठीत तुकडा ठेवला होतात ना, त्यांनी."

मला भीती वाटली नाही, दादाचा राग आला. अकरा संध्याकाळी तो माझ्या पाठीशी उभा राहिला. मला टाळ्या मिळवून दिल्या. मला क्षमेच्या भ्रमात ठेवले. बोलायचे होते तर माझ्याशी बोलायचे. सख्ख्या भावाने असे वागावे?

"वहिनी," मी म्हणालो, "तो दादा होता. तुम्ही ओळखलं नाहीत? अंगठ्याचं नख पाहिलं नाहीत?"

आता त्या वळल्या. वीस वर्षे ज्याच्याबरोबर संसार केला, त्याच्याबद्दल मी बोलत होतो.

"लाज वाटू द्या," त्या हळूच म्हणाल्या. "माझ्या समोर बसला होता तो माणूस. इतका जवळ. ह्यांना मी ओळखणार नाही? तो माणूस मी जन्मात कधी पाहिला नव्हता. आवाजही वेगळा होता. तो रडत होता."

आणि त्या उतरून गेल्या. त्यानंतर त्यांनी माझ्यासाठी दार उघडलेले नाही. फोन उचलत नाहीत. पत्रे परत येतात.

यावर मी पुष्कळ विचार केला आहे. तो दादा नसेल, तर ते नख कोणाचे? जे वाक्य त्या पहिल्या हॉटेलाबाहेर कोणालाच ठाऊक नव्हते, ते त्याला कोठून कळले? आणि तो दादा असेल, तर स्वतःच्या बायकोपुढे परका चेहरा घेऊन का बसला? त्याला कोण व्हावे लागले, माझे पाप सांगण्यासाठी?

दोन्ही बाजूंनी मी वाद घालतो. आता एकही बाजू जिंकत नाही.

तुम्ही हे वाचता आहात, म्हणून एक विनंती. त्या बारा संध्याकाळींपैकी एखाद्या संध्याकाळी तुम्ही तिथे जेवत असाल. जादूगाराने लिंबू कापले आणि एका माणसाने मूठ उघडली, असे काही आठवत असेल.

तर मला एवढेच कळवा... तो दिसायला कसा होता?

मी बारा वेळा त्याच्या पुढ्यात उभा होतो. एकदाही मान वर केली नाही.