भर कोर्टात वाचलेली चिठ्ठी

चिखलीच्या गोजाबाईच्या आठ म्हशी आणि गोठ्यातून रस्त्याला लागणारी वाट एकच. ती वाट चुलतदीर दौलतरावांनी पत्रे ठोकून बंद केली. तेव्हापासून दोन वर्षं बाई दुधाची किटली डोक्यावर घेऊन ओढ्यातून जात होती. आज पिंपरीच्या कोर्टात निकाल होता. वाट मिळाली नाही तर म्हशी विकायच्या, हे ठरलेलंच.

तरी बाई नवंकोरं लुगडं नेसून आली होती. निकाल ऐकायला रडक्या तोंडानं जाऊ नये, असं तिचं म्हणणं.

"वकीलबाई, भावजींनी वरच्या सायबाची चिठ्ठी आणलीया म्हनं. मग आपलं काय खरं न्हाई."

वकील स्नेहल हसली. "आजी, निकाल देताना न्यायाधीश मॅडमना वरचा साहेबच नसतो. निकाल पटला नाही तर अपील करायचं. चिठ्ठी नाही चालत."

"मंजी मंत्र्याचंबी ऐकत न्हाईत?"

"ऐकतात की! साक्षीदार म्हणून पिंजऱ्यात उभा राहिला तर."

गोजाबाई इतकी हसली की शिपायानं डोळे वटारले.

पुकारा झाला. दौलतरावांनी हळूच एक पाकीट शिरस्तेदाराच्या कागदांत सरकवलं. न्यायाधीश मॅडमनी ते बरोबर पाहिलं.

"माझ्यासाठी जे येईल ते दोन्ही बाजूंसमोर उघडायचं. मोठ्यानं वाचा."

शिरस्तेदारानं पाकीट फोडलं. कागद उलटसुलट केला, ट्यूबलाइटसमोर धरला. "मॅडम, कोरा आहे."

"कोरा कसा? साहेबांनी माझ्यासमोर सही केलीय!" दौलतरावांनी कागद हिसकावला आणि वाचू लागले. "वाट गोजाबाईची आहे. पत्रे मी ठोकले. ओढ्यात काचा मी टाकल्या."

सगळं कोर्ट खो खो हसलं. गोजाबाई तर पदर तोंडात कोंबून हसत होती.

मग तिला दिसलं. दौलतरावांनी स्वतःचं तोंड हातानं घट्ट दाबलं होतं.

आवाज तरी स्वच्छ येत होता.

शिपायानं कागद काढून घेतला, तेव्हा कुठे तो आवाज विरला. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "निकाल पुराव्यावर कालच लिहून झालाय. या चिठ्ठीचं एक अक्षरही त्यात येणार नाही, कुणाच्याच बाजूचं." आणि त्यांनी निकाल वाचला. गावनकाशा, पंचनामा, दोन साक्षी. वाट आठ दिवसांत मोकळी करावी.

गोजाबाईला आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. तिनं मॅडमना हात जोडले, स्नेहलची दृष्ट काढली, कोर्टाच्या उंबऱ्यालाही नमस्कार केला. पेढे आणून शिपायापासून विरुद्ध वकिलापर्यंत सगळ्यांना वाटले. वैर वैराच्या जागी, म्हणत एक पेढा घेऊन ती दौलतरावांकडे निघाली.

ते बाहेर पायरीवर बसले होते.

"भावजी, घ्या."

त्यांनी वर पाहिलं नाही. कागद केव्हाच फायलीला लागला होता. तरी दोन्ही रिकामे हात समोर धरून ते हळू आवाजात वाचत होते. पत्रे, काचा मागे पडल्या होत्या. आता बारा वर्षांपूर्वीची विहीर आली होती, जिच्यात पाय घसरून गोजाबाईचा धनी गेला असं सगळे म्हणत.

पेढा तिच्या हातातच राहिला.

दौलतरावांनी अंगठ्याला थुंकी लावली आणि पान उलटलं.