दोघांना पुरेल अशी होडी

पिंपरीचं रेल्वेफाटक पडलं की कुणाचं काय अडेल याचा नेम नसे. त्या दिवशी टांगे अडले, सायकली अडल्या, कडब्याची एक बैलगाडी अडली... आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस आला.

इंद्रायणी टांग्यात मागे तोंड करून बसली होती. शेजारी तंबूच्या कापडाची जाड घडी होती. तिचे वडील सोपानराव चिंचवडला तंबू-कनाती शिवायचे; लष्कराच्या छावणीपासून खेड्यातल्या लग्नमांडवापर्यंत त्यांचा माल जायचा. इंद्रायणीनं घडीचं टोक उलगडून डोक्यावर धरलं. तेवढ्यात मागचा सायकलवाला, "जरा जागा मिळेल?" असं विचारत, उत्तराची वाट न बघता त्या कापडाखाली आला.

भिजलेला उंच माणूस. भुवयांवरून पाणी ओघळतंय आणि डोळे वर, कापडाकडे लागलेले.

"ही शिवण कुणी घातलीय?"

"मी."

"दुहेरी?"

"पाणी गळतंय का तुमच्या डोक्यावर?"

"नाही."

"मग दुहेरीच असेल."

तेव्हा कुठं त्यानं मान खाली करून तिच्याकडे पाहिलं... आणि मग फाटक उघडलं तरी पाहतच राहिला. मागच्या बैलगाडीवाल्यानं आवाज दिला तेव्हा गडबडून सायकलकडे पळाला.

पोरगी देखणी होती आणि हिशेबीही. मनातल्या मनात तिनं नोंद केली – आधी कापड, मग शिवण, मग आपण. म्हणजे तिसरा नंबर. तिसऱ्या नंबराची तिला सवय नव्हती.

आठवडाही गेला नाही, तोच तो दुकानात हजर. नाव ज्योतीराम. मूळचा देवगडकडचा, पिंपरीच्या नव्या औषध कारखान्यात मशीनदुरुस्ती खात्यात. सोपानरावांना नमस्कार करून त्यानं काम सांगितलं. त्याला सेकंड-हँड शिडाची होडी घ्यायची होती. खडकवासल्याच्या तलावावर एक साहेब आपल्या दोन होड्या विकून विलायतेला निघाला होता. शिडं तपासायला कापडातलं कळणारं माणूस हवं होतं.

"कापडातलं आमच्या इंदूला माझ्याहून जास्त कळतं," सोपानराव म्हणाले आणि गल्ल्यामागे डुलकी काढायला मोकळे झाले. बापानं इतक्या सहजी मुलगी कुणाच्या पुढ्यात बसवली नसेल.

मग ज्योतीराम येत राहिला. कधी दोराला कडी लावून घ्यायला, कधी मेणदोरा मागायला. आला की होड्यांबद्दल बोले, आणि बोलणं असं, की ऐकणाऱ्याला वाटावं, स्वारी मुली बघत हिंडतेय.

"निळी अंगानं बारीक आहे. चपळ. सगळे दोर सुकाणूपाशी आणलेत, एकटा माणूस चालवू शकतो. पण मुक्कामाची सोय नाही. पांढरी जरा रुंद. शर्यतीत पळते आणि वर पोटात छोटी खोलीही आहे. दोन माणसं झोपतील एवढी."

"दोन," इंद्रायणी सुईत दोरा ओवत म्हणाली.

"हो. पण तिला चालवायलाही दोघं लागतात. एक सुकाणूवर, एक पुढच्या शिडाच्या दोरावर."

"आणि तब्येत?"

"तळाच्या लाकडात ठिकठिकाणी चाकूचं टोक रुतवून पाहिलं. कुठं मऊ लागलं नाही. डोलकाठीला एक जुना सांधा आहे, पण पक्का. वय झालंय, पण..." तो थांबला. "चेहरा बघितला की वय आठवत नाही."

इंद्रायणीच्या हातातली सुई वाकडी गेली. होडीला चेहरा असतो हे तिला ठाऊक नव्हतं. आपल्याला आहे, हे याला ठाऊक आहे की नाही, याचीच तिला शंका होती.

कोपऱ्यात पुनावळ्याची सरुआत्या कापडाच्या कडा दुमडत बसलेली असे. सोपानरावांची थोरली बहीण, विधवा, डोळ्यांनी अधू आणि कानांनी तिखट. तो गेला की म्हणायची, "ह्यो होडी घ्यायला येतोय का होडीचं निमित्त घ्यायला?"

"आत्या, तुझं आपलं काहीतरीच."

"व्हय बाई, माजंच. माजे कान हायेत ना."

एकदा इंद्रायणीनंच विचारलं, "इतकं घोळवताय कशाला? मित्र नाहीत का होडी चालवायला?"

"आहेत की. अर्जुनराव आहे, आणखी दोघं आहेत. पण एक पहिल्या शिफ्टला, एक दुसऱ्या, एक रात्रपाळीला. साप्ताहिक सुट्टी प्रत्येकाची वेगळी. चार माणसांची होडी घेतली तर ती कायम काठावरच राहील. म्हणून एकट्याची, नाहीतर दोघांची."

"मग घ्या एकट्याची."

तो हसला. "एकट्याला वारा चांगला मिळतो. पण 'बघ, वारा फिरला' हे सांगायला कुणी नसतं."

हे तिला फार आवडलं. इतकं, की त्या रात्री तिनं भाजीत मीठ घातलंच नाही.

पण आनंद म्हणजे उसनी भांडी. घरात आली की दुसऱ्या दिवशी परत न्यायला कुणीतरी येतंच. तसा अर्जुनराव आला. ज्योतीरामाच्या खोलीतला सोबती, बोलघेवडा, चहा मागून पिणारा. छत्रीचं कापड बदलायला आला आणि बोलता बोलता सांगून गेला, "आमच्या ज्योतीरामानं सुपरवायझरच्या मागं लागून सुट्टी बदलून घेतली. रविवारची सोडून गुरुवारची घेतली. जगात कुणी रविवार सोडतं का हो?"

"गुरुवारी काय असतं?" इंद्रायणीनं सहज विचारल्यासारखं केलं.

"मला काय माहीत. प्रयोगशाळेतल्या सुमनताईंची सुट्टी मात्र गुरुवारचीच असते." आणि त्यानं डोळा बारीक केला.

सुमनताई. हे नाव ज्योतीरामाच्या तोंडी आधीही आलं होतं – सुमनताईंनी मराठी मंडळाचं नाटक बसवलं, सुमनताईंनी कँटीनचा चहा सुधारला. "ताई म्हणतोय की तिला," सरुआत्यानं समजूत घातली. पण कारखान्यात मॅनेजरसुद्धा तिला ताईच म्हणतो, हे इंद्रायणीला माहीत होतं. सगळ्या गावानं मिळून दिलेल्या ताईपणाला किती किंमत द्यायची?

तिनं मांडणी केली. दोघांची होडी. दोघांची खोली. गुरुवारची सुट्टी. बेरीज चुकायला जागाच नव्हती.

बुधवारी संध्याकाळी ज्योतीराम पांढऱ्या होडीचं मोठं शीड घेऊन आला. घडी एवढी लांब, की एक टोक त्याच्या खांद्यावर आणि दुसरं... दुसरं सुमनताईच्या हातात. पांढरीशुभ्र साडी, मनगटावर घड्याळ, मोकळं हसू.

"मी बसथांब्यावर होते, हे बापडे एकटेच ओढत चालले होते. म्हटलं, चला, मीही बघते," सुमनताई म्हणाली. मग इंद्रायणीकडे निरखून बघत, "अच्छा, म्हणजे तुम्ही इंद्रायणी."

त्या 'अच्छा'त काय होतं ते कळायला इंद्रायणी थांबली नाही. तिनं शीड जमिनीवर अंथरलं. सुमनताई गुडघ्यावर बसून तिच्यासमोर कापड ताणून धरायला लागली, न सांगता, हक्कानं.

इंद्रायणीनं नखानं वीण पाहिली. दोन्ही मुठींत धरून कापड ओढलं. नाकाशी नेलं. कडेची शिवण अंगठ्यानं चाचपत टोकापर्यंत गेली. कापड जुनं होतं, पण कसं... मुरलेल्या लोणच्यासारखं. अजून पुष्कळ पावसाळे काढले असते त्यानं.

"मग?" ज्योतीरामानं विचारलं. स्वर असा, जसं कुणी डॉक्टरला विचारतं.

"पांढरीच घ्या हो तुम्ही," सुमनताई हसत म्हणाली. "निळीत एकटे बसून काय करणार?"

बस्स. इंद्रायणीनं कापड खाली टाकलं.

"कुजलंय," ती म्हणाली. "वरून दिसत नाही. शिवण धरणार नाही. जोराचा वारा आला की मधोमध फाटेल."

त्यानं वाद घातला नाही. पलीकडे सोपानराव बसले होते, त्यांना विचारलं नाही. शिडावरून एकदा हात फिरवला नुसता, आणि म्हणाला, "तुम्ही म्हणता म्हणजे असणारच. उद्या साहेबाला सांगतो. निळी घेईन." घडी करताना त्याचा चेहरा एवढा उतरलेला होता, की भांडला असता तर बरं, असं तिला वाटलं. विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग तरी कसा करायचा...

दुसऱ्या दिवशी ती सकाळपासून परसात गोधड्या आपटत होती. सरुआत्या उन्हात बसून बघत होती.

"गोधडीनं काय घोडं मारलंय तुजं?"

"काही नाही."

"त्या पोराला खोटं सांगितलंस काल. कोपऱ्यात बसून कापडाचा आवाज ऐकला म्या. कुजलेलं कापाड वडलं तर असं खणखणीत वाजत न्हाई."

इंद्रायणीचे हात थांबले. मग सगळं बाहेर पडलं – सुमनताई, दोघांची खोली, गुरुवार.

"गुरवारी," आत्या शांतपणे म्हणाली, "दुकान कुणाचं बंद असतंय?"

"आपलं."

"मग?"

"मग काय? दुकान बंद असतं. मला कुठं सुट्टी असते?" इंद्रायणी म्हणाली. "गुरुवारी गोधड्या असतात, दळण असतं, राहिलेली काजं असतात..." आणि बोलता बोलता ती अडखळली.

तिनं जगातल्या सगळ्यांची सुट्टी मोजली होती. अर्जुनरावाची, सुमनताईची, रात्रपाळीवाल्याची. स्वतःची मोजायची राहून गेली होती, कारण ती असते हेच तिला कधी कुणी सांगितलं नव्हतं.

"त्या बिचाऱ्यानं दुकानाची पाटी वाचली," आत्या म्हणाली. "गुरवारी बंद, असं लिवलंय. तुज्या गोधड्यांचं त्यात लिवलेलं न्हाई."

ओल्या गोधड्या तशाच पडल्या. देवाला जाऊन येतो असं सोपानरावांना सांगून दोघी निघाल्या. दोन बस बदलून, धक्के खात, खडकवासल्याला पोचल्या तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. आत्या धापा टाकत काठावरच्या दगडावर बसली. "जा. मी हितं देव बघते," म्हणाली.

तलावाच्या मधोमध पांढरी होडी चालली होती. मोठं शीड वाऱ्यानं तट्ट फुगलेलं, कुठं सुरकुतीसुद्धा नाही. सुकाणूवर कुणी परकाच गृहस्थ होता.

ज्योतीराम काठावर ओढून ठेवलेल्या निळ्या होडीचा जुना रंग खरवडत होता. तिला पाहून उठला. हात कुठं ठेवावेत ते त्याला कळेना.

"तुम्ही... इथं?"

"गुरुवार आहे," ती म्हणाली. "मला सुट्टी असते."

तो हसला नाही. पाण्याकडे बघत राहिला. "मी पांढरीला नाही म्हटलं आणि शेजारी उभा असलेला तो लगेच हो म्हणाला. शीड चढवलं त्यानं, जोराचा वाराही आला. फाटलं नाही. तेव्हापासून मी विचार करतोय, तुमच्या हातून चूक कशी झाली असेल. चूक होते माणसाकडून. पण तुमची होईल, हे पटेना."

वाट तयार होती. झाली चूक, एवढं म्हणायचं, की सुटका. तिची अब्रू राहिली असती. शिवणकामातली थोडी गेली असती, मनाची सगळी शाबूत.

"चूक नव्हती," इंद्रायणी म्हणाली. "मी खोटं बोलले. शीड पक्कं होतं. दुसरं टोक सुमनताईंच्या हातात होतं... ते मला बघवलं नाही."

तिला वाटलं, आता हा सायकल घेऊन निघून जाईल, आणि जावंही त्यानं.

"सुमनताई पाण्याला घाबरतात," तो म्हणाला. "मागं कारखान्याची सहल आली होती, तर पायसुद्धा बुडवले नाहीत. मी कुणासाठी दोघांची होडी बघतोय ते सगळ्या खात्याला माहीत होतं. काल त्या तुम्हाला बघायलाच आल्या होत्या."

इंद्रायणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"मला सांगितलं का नाही?"

"काय सांगणार? आधी होडी घ्यावी, मग विचारावं म्हटलं. रिकाम्या हातानं कसं विचारायचं..."

"म्हणजे मला नाही, पण अख्ख्या कारखान्याला माहीत."

"तुम्ही रागावताय? खोटं तुम्ही बोललात."

"दोन्ही खरं आहे," ती म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांत पाणी असताना ओठ मात्र हसायला लागले. त्याचेही.

लांब पांढरी होडी वळली, उन्हात चमकली. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं. खोली गेली, पुढचं शीड गेलं, सगळं तिच्या एका शब्दानं गेलं. आता समोर होती ती ही निळी, बारीक, एकट्यापुरती.

"हिच्यात," तिनं विचारलं, "दोघं बसतच नाहीत का?"

त्यानं होडीच्या मधल्या फळीकडे पाहिलं, मग तिच्याकडे. या वेळी घाई केली नाही.

"बसतात. पण अगदी खेटून बसावं लागेल. आणि वजन वाढलं की होडी मंदावते. आयुष्यात एकही शर्यत जिंकणार नाही आपण."

"मग हरू या की," इंद्रायणी म्हणाली, आणि खरवडायचं दुसरं पातं उचलून त्याच्या शेजारी बसली.