रिकामा खालचा कप्पा

खोलीत चार माणसे होती आणि बराच वेळ कोणीच बोलले नव्हते. ते मौन शोकाचे नव्हते. त्याला धार होती. ग्रंथपाल असलेली मुलगी खिडकीकडे तोंड करून उभी होती. तिचे वडील, निवृत्त घड्याळजी, भिंतीलगतच्या खुर्चीत बसले होते. दोन्ही हात त्यांनी मांडीवर उपडे ठेवले होते, जणू हातांनाच शिक्षा फर्मावली असावी.

समोर वहिनी होत्या. खासगी तपास हा त्यांचा व्यवसाय. धाकटा दीर सदैव सोबत असल्यामुळे सारे शहरच त्यांना वहिनी म्हणे.

भाऊजींना, म्हणजे त्या दिराला, मौन सोसत नसे. "गोड होतं हो पिल्लू," फोटो न्याहाळत ते म्हणाले.

"होतं!" मुलगी वळली. "अस्सल लॅब्रेडॉर. चार दिवस होतं. रविवारी संध्याकाळी आणलं. लसी पुऱ्या होईपर्यंत घराबाहेर न्यायचं नाही, असं दहादा बजावलं होतं. सोमवारी सकाळी बाबा त्याला बागेत घेऊन गेले. मंगळवारी दुपारपासून उलट्या, मग रक्ताचे जुलाब. गुरुवारी संपलं. पार्व्होचा विषाणू, डॉक्टर म्हणाले. बाहेरच्या मातीतून येतो. बाबांनी मारलं त्याला."

वडिलांनी मान वर केली नाही.

"निकाल तुम्ही लावलाच आहे," वहिनी म्हणाल्या. "मग मला कशाला बोलावलंत?"

मुलीने एक कागद पुढे केला. पिल्लाचा मृत्यू आमच्या निष्काळजीपणामुळे झाला, असे त्यावर लिहिले होते. "ज्यांच्याकडून पिल्लू घेतलं त्या ब्रीडर बाईंनी पाठवलाय. बाबांनी सही केली की दुसरं पिल्लू फुकट देणार आहेत. पण हे सहीही करत नाहीत आणि बोलतही नाहीत. एकदाचं खरं काय ते कळू दे."

वहिनी खुर्ची ओढून वृद्धासमोर बसल्या. "बाबा, बागेत का नेलंत त्याला?"

"त्याला जमीन माहीत नव्हती," ते म्हणाले. "गादीवर ठेवलं की उठून जायचा. चपलांच्या रॅकच्या खालच्या कप्प्यात, तारेच्या जाळीवर झोपायचा. म्हटलं, एकदा गवत दाखवावं."

वहिनींनी दाराकडे पाहिले. रॅकचा खालचा कप्पा रिकामा होता. वृद्धाचे बूट शेजारी फरशीवर होते.

"खायचा काय?"

"विकतच्या खाण्याचे दाणे चावता यायचे नाहीत त्याला. पुढचे दात सुईसारखे, पण मागे नुसत्या हिरड्या. भिजवून लगदा करून भरवायचो."

"वय?"

"नऊ आठवडे," मुलगी म्हणाली. "लसीच्या कार्डावर आहे. डॉक्टरांनीही तेच लिहिलं."

"डॉक्टर तुमच्या ओळखीचे?"

"नाही, ब्रीडर बाईंनी सांगितलेले. हमी हवी तर पहिला महिना त्यांच्याकडेच दाखवायचं, अशी अटच होती. बुधवारी त्यांनी नीट तपासलं, तोंड उघडून पाहिलं. हिरड्या पांढऱ्या पडल्यात म्हणाले."

"आणि या बाई कशा निवडल्यात?"

"दोन महिने घातले मी!" तिचा आवाज फाटला. "घर पाहिलं, पिल्लाची आई पाहिली, वंशावळ पाहिली. चांगला ब्रीडर आपल्यालाच प्रश्न विचारतो म्हणतात. यांनी माझी पाऊण तास उलटतपासणी घेतली. अजून काय करायला हवं होतं?"

वहिनींनी कागद पिशवीत घातला.

ब्रीडर बाईंचे घर म्हणजे स्वच्छतेचे प्रदर्शन होते. भिंतीपासून भिंतीपर्यंत मऊ गालिचा, आणि त्यावर चार पिल्ले.

"आमची पिल्लं इथेच जन्मतात, इथेच वाढतात," बाई म्हणाल्या. "ही त्यांची आई. नऊ आठवडे झाले बाळंत होऊन, अजून पाजते. तुमच्या घरी दिवसभर कोण असतं? कुत्रा झोपणार कुठे?"

"माझ्या उशाशी," भाऊजी हरखून म्हणाले. "वहिनी, घेऊन टाकू या ना एक!"

वहिनी कुत्रीपाशी बसल्या. तिने लाडाने पाठ टेकली. पोटावरची लव दाट होती आणि स्तनाग्रे वाटाण्याएवढी, सुकलेली. एक पिल्लू तिच्याजवळ लुडबुडले, तशी ती उठून सोफ्यावर चढून बसली. तेवढ्यात स्वयंपाकघरात पत्र्याच्या डब्याचे झाकण वाजले. चारही पिल्ले आईला ओलांडून तिकडे धावली.

"गुणी आहेत," वहिनी म्हणाल्या.

मग पिल्लाला तपासणाऱ्या त्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी एक साधाच प्रश्न विचारला. "काल माझ्या बहिणीचं पिल्लू पार्व्होच्या कुत्र्याजवळ गेलं. आज तर ठणठणीत दिसतंय. निर्धास्त राहू का?"

"छे! लागण झाली तरी तीन दिवसांच्या आत लक्षणं दिसतच नाहीत," डॉक्टर हात धूत म्हणाले. "तीन ते सात दिवस डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा."

"आभारी आहे," वहिनी म्हणाल्या. बाहेर आल्यावर त्यांचा चेहरा दगडासारखा झाला होता.

"काय झालं?" भाऊजींनी विचारले. "बिचारे फीसुद्धा न घेता बोलले."

"म्हणूनच म्हणते, उद्या सहीसाठी बाईंबरोबर त्यांनाही बोलावू. साक्षीदार म्हणून."

दुसऱ्या दिवशी त्याच खोलीत सहा जण होते. ब्रीडर बाईंनी नवे पिल्लू टोपलीत आणले होते. डॉक्टर पेन काढून बसले होते.

"काका, इथे सही करा," बाई गोड आवाजात म्हणाल्या. "चूक माणसाकडूनच होते."

"माणसाकडून गुन्हाही होतो," वहिनी म्हणाल्या. "डॉक्टर, लागण झाल्यावर तीन दिवसांच्या आत लक्षणं दिसत नाहीत, हे तुमचेच शब्द. पिल्लू बागेत गेलं सोमवारी सकाळी आणि उलट्या सुरू झाल्या मंगळवारी दुपारी. मधे तास किती? तीससुद्धा नाहीत. तो मरण अंगात घेऊनच या घरात आला होता."

मुलीचा हात तोंडाकडे गेला.

"आमच्याकडे? अशक्य!" बाई उसळल्या. "माझा गालिचा पाहिलात ना तुम्ही?"

"पाहिला. म्हणूनच विचारते. गालिच्यावर वाढलेलं पिल्लू मऊ गादी सोडून तारेच्या जाळीवर का झोपेल? कारण जन्मल्यापासून त्याच्या पायांखाली जाळीच होती. ते तुमच्या घरात वाढलंच नाही. ती कुत्रीही त्यांची आई नाही. पाजणाऱ्या आईचं पोट असं घट्ट आणि केसाळ नसतं, आणि पिल्लं आईला ओलांडून पत्र्याच्या डब्याकडे धावत नाहीत. ती बिचारी तुमची नटी आहे."

"आणि नऊ आठवडे?" भाऊजी पुटपुटले.

"नऊ आठवड्यांच्या पिल्लाला मागचे दात असतात. याला नव्हते. जेमतेम पाच आठवड्यांचं दूधपितं पोर होतं ते. कार्डावरच्या लसी कागदावरच टोचलेल्या. डॉक्टर, तुम्ही त्याचं तोंड उघडलंत. हिरड्यांचा रंग दिसला आणि दात नाहीत हे दिसलं नाही? तरी वय नऊ आठवडे लिहिलंत आणि दोष एका म्हाताऱ्या माणसाच्या हातांवर ठेवलात! त्या अटीमुळे दुसरा डॉक्टर ते तोंड उघडणारच नव्हता."

डॉक्टरांनी पेनाचे टोपण लावले. बोलल्या त्या बाईच, आणि आता आवाजात गोडवा नव्हता. "गिऱ्हाइकाला घर बघायचं असतं, मी घर दाखवते. आई बघायची असते, आई दाखवते. यादी तुम्हीच घेऊन येता. त्या यादीत पिंजरा बघायचा, असं कोणी लिहिलेलं नसतं."

"कुठे आहे पिंजरा?"

"शहराबाहेर. कोंबड्यांच्या जुन्या शेडमध्ये."

"किती आया?"

बाईंनी टोपलीकडे हात नेला. वहिनींचा तळहात टेबलावर आदळला. "किती?"

"चाळीस."

"भाऊजी, पोलिसांना फोन लावा. पिल्लू आणि कागद इथेच राहतील. सहीसाठी धाडलेलं हे पत्रच तुम्हाला भोवणार आहे, बाई."

फोन करून भाऊजी बाई आणि डॉक्टर, दोघांना घेऊन जिना उतरले. जिन्यावरून येणारी दिराची इतकी करडी भाषा वहिनींनी प्रथमच ऐकली.

खोलीत टोपलीतले पिल्लू कुरकुरले. बाहेर पडून ते गादी हुंगत गेले, तिला वळसा घालून दाराशी पोचले आणि रॅकच्या खालच्या कप्प्यात जाळीवर अंग मुडपून पडले.

मुलगी वडिलांसमोर खाली बसली. "बाबा, मी काय काय बोलले तुम्हाला... बाबा, काहीतरी बोला ना."

वृद्ध उठले. दाराशी जाऊन त्यांनी फरशीवरचे बूट घातले, नाड्या सावकाश बांधल्या. मग कप्प्यात हात घालून पिल्लाच्या पाठीवर क्षणभर तळवा ठेवला.

"बाबा?"

मुलीकडे न पाहता त्यांनी दार उघडले. पावले जिना उतरत गेली.